तारांगणातली जागल

माण तालुक्यातल्या आमच्या गावात आमची एक दगडी खोली होती. दिवाळी झाली की तिला कुलूप लागायचं, ते पावसाच्या तोंडाशी निघायचं. मधले सगळे महिने आम्ही वाटेवर. आम्ही मेंढरंवाले. आमच्याकडं पाऊस नावाला पडतो. माळ वाळला की मेंढरांच्या तोंडाला काही उरत नाही. मग खटाव, कराड, पाटण करत घाट उतरून कोकणात जायचं आणि आलेल्या वाटेनंच परत यायचं.

घोडीच्या पाठीवर पातेली, कोंबड्या, दमलेली कोकरं आणि त्यांच्यात बांधलेली मी. माझं लहानपण असं हलत हलत गेलं. ज्याच्या रानात मेंढरं बसवायची, त्यानं खतापोटी दिलेलं धान्य खायचं. नाही दिलं तर कण्या, पातळ, नुसत्या मिठाच्या. थंडीत अवकाळी पाऊस आला की सकाळपर्यंत किती कोकरं ताठ होतील याचा नेम नसायचा. आय डोळे पुसत भाकरी थापायची, आणि भाकरी झाली की चूल मोडून पुढं निघायची. आजारी पडायचं ते चालता चालता, बरं व्हायचं तेही चालता चालता.

माझा थोरला चुलता बरा झाला नाही. त्याला आंत उतरायचा, म्हणजे हर्नियाचा, त्रास होता. जांघेत गाठ यायची. ती हातानं आत ढकलायची, वरून धोतराचा सोगा आवळायचा आणि चालायला लागायचं. एका वर्षी घाटाच्या अर्ध्यात गाठ आत जाईना. उलट्या सुरू झाल्या. घोडीवर बांधून त्याला खाली सडकेला आणेपर्यंत माणूस गेला. त्याच्या आधी आज्याचा भाऊ असाच गेला होता म्हणे. आमच्यात त्याला वाटेचं दुखणं म्हणत. वाट देते आणि वाटच घेऊन जाते, असा त्याचा अर्थ. डॉक्टर हा शब्द त्यात कुठंच नव्हता.

मला त्या वाटेवरनं आयनं उचललं आणि तिच्या माहेरी, शिराळ्याला नेऊन ठेवलं. म्हणाली, "हिला येका जाग्याला बसू द्या." मी बसले. शाळा शिराळ्यात, कॉलेज साताऱ्यात वसतिगृहात राहून. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली आणि, मी चौकशी केली आहे, आमच्या सगळ्या भावकीतली मी पहिली पदवीधर. हे मला कुणी विचारत नाही, तरी मी सांगते. आता मुंबईत रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. नवरा वाईचा, कंपनीत शिफ्टला जातो. चौथ्या मजल्यावर आमचं स्वतःचं घर आहे.

तर मागच्या हिवाळ्यात भावाचा फोन आला. वडलांना आम्ही आबा म्हणतो.

"आक्के, आबा वाकून चालत्यात. गाठ आलीया. इचारलं तर म्हनत्यात, वारं धरलंय."

मी विचारलं, "कुठं आहात?"

"पाटनच्या वर. आता घाट लागंल."

"त्यांना घाट उतरू द्यायचा नाही. त्यांना आणि आयला कराडच्या स्टँडवर आण आणि एसटीत बसव. मेंढरं तू आणि वहिनी बघा."

"ऐकत न्हाईत गं."

"त्यांना फोन दे." आबांनी फोन घेतला, तेव्हा मी काय बोलले ते मला आठवत नाही. चुलत्याचं नाव काढलं एवढं आठवतं. पलीकडं मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. मग आबा म्हणाले, "येतो."

दवाखान्यात कापणारे डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, घाबरायचं कारण नाही. पण भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आबांच्या दंडाला पट्टा बांधला आणि बाईंच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा बांधला. ब्लडप्रेशर एवढं वर होतं की भूल द्यायची सोय नव्हती.

"बाबा, रात्री झोपता का नीट?"

"डोळा लागतो की."

"खोटं बोलत्यात, बाई," आय मध्येच म्हणाली. "टक्क जागं असत्यात."

डॉक्टरीणबाईंनी बीपीची गोळी दिली, झोपेची दिली आणि सांगितलं, झोप झाली नाही तर हे खाली येणार नाही. आणि खाली आलं नाही तर मी यांना टेबलावर घेणार नाही.

म्हणजे सगळं आबांच्या झोपेवर येऊन थांबलं. आणि आबा झोपेनात.

रात्र झाली की ते दारापाशी घोंगडं अंथरायचे, काठी मांडीवर आडवी घ्यायचे आणि बसायचे. जिन्यात पाऊल वाजलं की उठायचे. लिफ्ट थांबली की उठायचे. पहाटे दूधवाला आला की आतनं खाकरायचे, तो बिचारा पिशवी टाकून पळायचा. आतल्या खोलीत आय मात्र अशी घोरायची की भिंतीवरचं कॅलेंडर हलावं.

"तुला बरी झोप लागते गं?" मी एकदा विचारलं.

"मला काय झालंय?" ती म्हणाली. "ह्यो जागा हाय की."

आम्ही सगळे हसलो. आबासुद्धा.

माझ्या नवऱ्यानं त्याच्या परीनं निदान केलं. "जन्मभर आभाळाखाली झोपलेला माणूस. त्यांना स्लॅब सोसत नाही." मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं, शिवाय ऐकायला चांगलं वाटत होतं. सोसायटीच्या सेक्रेटरीकडनं गच्चीची किल्ली मिळवली, वर गादी टाकली. आबांनी गच्चीच्या कठड्याकडेनं रात्रभर चकरा मारल्या. सकाळी म्हणाले, "लय मोठी जागा हाय. येका मानसाचं काम न्हाई."

झोपेची गोळी ते गालात धरून ठेवायचे आणि तुळशीच्या कुंडीत टाकायचे. आयनं पकडून दिलं.

"आवं आबा, औषध आहे ते!"

"गोळीनं मानूस मेल्यावानी पडतो. आनि तवाच काय आलं म्हंजे?"

"चौथ्या मजल्यावर काय येणार आहे?"

"त्ये आल्यावर कळतं."

दुसऱ्या खेपेला दवाखान्यात पट्टा बांधला तरी आकडा तसाच. डॉक्टरीणबाईंनी आठ-दहा दिवसांनंतरची तारीख दिली. आबा जिन्यात म्हणाले, "आता ह्ये येकदा बघायचं. न्हाई झालं तर मी जातो. पोरगं येकटं घाटात हाय." ते बोलताना त्यांचा एक हात जांघेवर होता. गाठ दाबून धरायची त्यांना सवय झाली होती. चुलताही असाच चालायचा.

त्या रविवारी मी दोघांना वस्तुसंग्रहालय बघायला न्यायचं ठरवलं. उपाय म्हणून नाही. घरात बसून त्या दाराकडं बघवेना म्हणून. आणि खरं सांगायचं तर मलाच जायचं होतं. कॉलेजात असताना आमच्या वर्गाची सहल तिथं आली होती, आणि मी कावीळ होऊन वसतिगृहात पडले होते. परत आल्यावर मैत्रिणी देवमाशाच्या हाडांबद्दल बोलायच्या. मी डोळे मिटून ती हाडं कितीदा तरी बघितली होती.

फाटकावर रखवालदारानं आबांच्या काठीला हात लावला. "काका, ही इथं ठेवा. टोकन देतो."

"काठी ठिवून मानूस आत कसा जाईल?"

"आवं द्या की," आय म्हणाली. "आत काय जनावरं हायत व्हय!"

"आज्जी," रखवालदार म्हणाला, "आत जनावरंच हायत." तोही आमच्याकडचाच निघाला, तासगावचा. आबांनी काठी दिली, पण देताना ती कुठं उभी करतोय ते नीट बघून ठेवलं. मग आत जाताना त्यांचा उजवा हात सारखा उघडझाप करत होता.

आतला उजेड मला अजून आठवतो. बाहेर लख्ख ऊन आणि आत विहिरीच्या तळाला असतो तसा हिरवट, थंड उजेड. त्या उजेडात सगळं थांबलेलं. बगळा पाय उचलून थांबलाय, मुंगूस मान वळवून थांबलंय, ससाणा पंख पसरून उतरता उतरता थांबलाय. काचेपलीकडं कुणीतरी 'हूं' म्हणावं आणि सगळ्यांनी चालायला लागावं, असं वाटत होतं. आमची पावलं वाजत नव्हती. माणसं कुजबुजत पुढं सरकत होती, पाण्यात सरकावी तशी. मी पाट्या वाचत होते, मोठ्यानं, आयबापांसाठी. लॅटिन नावंही वाचली. ती त्यांना कळणार नव्हती, पण मला येतात हे कळावं असं वाटत होतं. आय प्रत्येक नावाला मान डोलवायची, कीर्तनात डोलवतात तशी.

देवमाशाचा सांगाडा वर टांगलेला होता. मी स्वप्नात बघितला होता त्यापेक्षा लहान, आणि तरीही एवढा मोठा की मान मागं करून बघताना भोवळ आली. आय खाली उभी राहून म्हणाली, "ह्येच्या फासळ्यात आपला अख्खा वाडा बसंल. घोडीसकट." वाडा म्हणजे आमचं फिरतं बिऱ्हाड, माणसं, मेंढरं, सगळं मिळून. मला क्षणभर दिसलं ते. त्या पांढऱ्या कमानींच्या आत चूल पेटलेली, कोकरं बांधलेली, आणि बाहेर चहूकडं काळं पाणी.

नागाच्या कपाटापाशी आयनं हात जोडले. शिराळ्याची लेक ती. तिकडं नाग म्हणजे भाऊ, पंचमीच्या आदल्या दिवशी त्याचा उपास धरतात. काचेला नाक लावून ती हळूच म्हणाली, "बारमाही कोंडलाय का रं तुला?" मग माझ्याकडं वळून, "पंचमीला तरी बाहेर काढत्यात का न्हाई ह्याला?"

"आय, तो भुसा भरलेला आहे."

"असूदे. सण त्यालाबी असतोच की."

आणि मग लांडगा आला. आमच्यात त्याचं नाव घेत नाहीत, 'त्यो' म्हणतात. काचेत वाळलेलं गवत होतं, मागं माळ रंगवलेला, थेट आमच्या माणातला असावा असा, आणि त्या गवतात त्यो उभा. एक पाय पुढं. आबा त्याच्यासमोर थांबले. डोळे बारीक केले. मग खाली वाकून काचेच्या डाव्या कोपऱ्यातनं बघितलं, उजव्या कोपऱ्यातनं बघितलं.

"दुसरा कुठाय?"

"एकच ठेवलाय, आबा."

"येकटा येत न्हाई त्यो. येक म्होरनं दिसतो, तवा दुसरा मागनं असतो." आणि आबा वळले. काचेकडं पाठ करून उभे राहिले आणि दालनातल्या माणसांकडं बघायला लागले. चष्मेवाले, मुलांना कडेवर घेतलेले, आईस्क्रीमचा डाग शर्टावर पडलेले. आम्ही दोघींनी सगळं दालन बघून होईपर्यंत ते तसेच उभे होते. मला हसू आलं. आता आठवतं तेव्हा हसू येत नाही.

दुपारचा मराठी खेळ धरायला आम्ही टॅक्सीनं तारांगणात पोचलो. आबा दमले होते. टॅक्सीतनं उतरताना एकदा थांबले, जांघेवरचा हात घट्ट झाला, ओठ पांढरे पडले. मी म्हटलं, "परत फिरू या." ते म्हणाले, "आता आलोय तर बसू दे कुटंतरी."

आत गोल दालन, वर पांढरा घुमट, टोपलं पालथं घातल्यासारखा. खुर्च्या मागं रेलणाऱ्या. "न्हाव्याच्या दुकानातल्या हायत," आय म्हणाली आणि रेलली. आमच्या मध्ये आबा बसले, ताठ, पाठ न टेकता. संग्रहालयातनं परत घेतलेली काठी इथंही दारावर ठेवून घेतली होती. मी तिचं टोकन त्यांच्या मुठीत दिलं, काहीतरी धरायला असावं म्हणून.

मग घुमटावर संध्याकाळ झाली. कडेनं इमारतींच्या काळ्या आकृत्या, त्यांच्यामागं केशरी, मग जांभळं, मग राखाडी. दिवे विझत गेले. एक आवाज बोलायला लागला. भारदस्त, पण घाई नसलेला, शेकोटीपाशी बसून गोष्ट सांगणाऱ्याचा असतो तसा. आता शहराचे दिवे घालवून टाकू या, तो म्हणाला. आणि ते गेले. आणि चांदणं आलं.

इतकं चांदणं मी मुंबईत विसरूनच गेले होते. मी लहान झाले. घोडीच्या पाठीवर कोकरांच्या उबेत पालथी पडलेली, आणि मग उताणी, आणि वर ते सगळं हळूहळू डुलतंय, घोडीच्या चालीनं. खुर्ची हलत नव्हती, पण मी हलत होते. लोकरीचा वास आला, खरंच आला. आवाज सांगत होता की जे दिसतं आहे ते फार जुनं आहे, तिथनं निघालेला उजेड आत्ता पोचतो आहे. मला वाटलं, असेल. आम्हीही आत्ताच पोचतोय.

तेवढ्यात बाजूनं एक आवाज आला. बारीक, मग मोठा. घुर्र.

मी वळून बघितलं. आबा रेलले होते. मान एका बाजूला, तोंड उघडं, मूठ सैल झालेली, टोकन मांडीवर पडलेलं. ते झोपले होते.

आयनं अंधारात माझा दंड शोधला आणि दाबला. "झोपला," ती म्हणाली. तान्हं पोर झोपल्यावर म्हणतात त्या आवाजात.

पुढच्या रांगेतला एकजण मागं वळला. "जरा उठवा की त्यांना. काही ऐकू येत नाही."

"बाबा, हळू बोल," आय त्याला म्हणाली. "लय दिसानं झोपलाय. तुला चांदण्या पुन्यांदा दिसतील."

तो माणूस काय समजायचा ते समजला आणि पुढं वळला. त्यानंतर घुमटावर काय काय झालं मला सांगता येणार नाही. शनीची कडी आली असावी, कारण लोक 'आहा' म्हणाले. मी आबांकडं बघत होते. वरचा निळसर उजेड त्यांच्या तोंडावरनं सरकत होता आणि तोंडावरची एकेक घडी सुटत होती. मी त्यांना असं झोपलेलं कधी बघितलंच नव्हतं. लहानपणी मी झोपायचे तेव्हा ते जागे असायचे, मी उठायचे तेव्हा ते उठलेले असायचे. मी मनात म्हणत होते, सांगणाऱ्या बाबा, थांबू नकोस. अजून आकाश असेल तेवढं सांग.

पण पूर्वेची कडा फिकी झाली. चांदण्या पातळ झाल्या. कुठंतरी पाखरं बोलली, आणि घुमटाच्या एका अंगाला तांबडं फुटलं.

आबा ताडकन उठले. "उठा गं! उजाडलं! कोकरं सोडा!"

अख्खं तारांगण हसलं. दिवे लागले. लहान पोरं खुर्च्यांवर उभी राहून बघायला लागली.

"आवं, बसा खाली!" आयनं त्यांचा सदरा ओढला. "ममई हाय ही. कोकरं लेकाकडं हायत."

आबा डोळे चोळत इकडंतिकडं बघत राहिले. लाजले नाहीत. अंग मोडून त्यांनी मोठी जांभई दिली आणि म्हणाले, "झ्याक झोप झाली. हितली रात बारकी हाय, पर गाढ हाय."

आणि मग त्यांनी विचारलं, "त्यो मानूस कुठाय?"

"कोण माणूस?"

"बोलत हुता त्यो. रातभर जागला. त्येला च्या पाजायला पायजे."

आमच्या वाड्यात रीत आहे. रात्री सगळे झोपतात तेव्हा एकजण जागलीला बसतो. जागल म्हणजे राखण. तो मध्येमध्ये बोलत राहतो, कुत्र्याशी बोलतो, मेंढरांना हाका मारतो, काही नाही तर स्वतःशीच ओव्या म्हणतो. तो आवाज झोपेतही सगळ्यांच्या कानात असतो. आणि सकाळी चुलीवरचा पहिला चहा त्याला, म्हाताऱ्या माणसाच्याही आधी त्याला. हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. पण पदवी घेतल्यापासून त्याचा काही उपयोग करायची वेळ आली नव्हती.

"आबा, तो आवाज मशिनीतला असतो. भरून ठेवलेला."

"मशिनीला कुनीतरी चालू केलं आसंल न्हवं?"

ते काही हलेनात. दारावरच्या मुलीला मी सांगितलं, तिनं हसत हसत यंत्र चालवणाऱ्याला बाहेर बोलावलं. मध्यमवयीन माणूस, गळ्यात ओळखपत्र, डोळे अंधारातनं उजेडात आल्यावर होतात तसे बारीक. आबांनी त्याला रामराम केला.

"आजोबा, मी फक्त बटणं दाबतो," तो म्हणाला. "आवाज माझा नाही."

"पर तू जागा हुतास न्हवं?"

"हो. मला झोपून कसं चालेल?"

"मग झालं. चल."

तो आला, हे मला अजून नवल वाटतं. पुढच्या खेळाला वेळ होता म्हणाला. बाहेरच्या टपरीवर आबांनी पहिला पेला त्याच्या हातात दिला आणि तो पहिला घोट घेईपर्यंत स्वतःचा पेला उचलला नाही. "इतकी वर्षं नोकरी करतोय," तो आयला म्हणाला, "लोक झोपले म्हणून तक्रारी ऐकल्या. चहा पहिल्यांदाच."

तो आत गेल्यावर आम्ही तिघं कट्ट्यावर बसलो. मी आबांना विचारलं, "गच्चीत का नाही झोप लागली मग? तिथंही आभाळ होतं."

"आभाळाचं काय घिऊन बसलीस?" आबा म्हणाले. "तुमच्यात रातीला कुनीच जागं नसतं. दार लावत्यात आनि समदीच्या समदी पडत्यात. अशी तऱ्हा म्या कुटं बघितली न्हाई. येकानं तरी बसाय पायजे का नगो? कुनी बसंना, मग म्या बसलो."

आय माझ्याकडं बघून म्हणाली, "मी तुला सांगितलं हुतं. ह्यो जागा हाय, म्हनून मला झोप हाय."

सांगितलं होतं खरं. आम्ही विनोद समजून हसलो होतो.

समोर रस्त्यावर गाड्या जात होत्या, ऊन कलत होतं, आणि आत घुमटाखाली पुन्हा एकदा संध्याकाळ होत असणार. घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आपल्याला पाळ्या लावायच्या?"

"हो."

"चौथ्या मजल्यावर? वॉचमन असताना?"

"वॉचमन खाली आहे. आबांना त्याचा आवाज येत नाही."

"माझी सासुरवाडी म्हणजे..." तो म्हणाला, पण उठून चहाचं आधण मोठं ठेवलं. वाईची माणसं बोलतात फार, पण करतात.

त्या रात्रीपासून आम्ही पाळीनं जागलीला बसलो. आधी नवरा, मग मी, पहाटेला आय. आबांचं घोंगडं दारापासनं काढून आतल्या भिंतीला लावलं. पहिल्या दिवशी ते अंधारात म्हणाले, "बसलाय न्हवं?" नवरा म्हणाला, "बसलोय, आबा." "मग बोला कायतरी." नवऱ्याला काय बोलावं सुचेना, त्यानं त्याच्या कंपनीतल्या मशिनीचे भाग एकामागून एक सांगायला सुरुवात केली. आबांना त्यातलं काही कळत नव्हतं. घोरायला लागले.

माझी पाळी आली की मी हलक्या आवाजात बोलायचे. कॉलेजात शिकलेलं बोलायचे, काचेतल्या पाखरांची नावं, देवमासा श्वास कसा घेतो ते, रक्तातल्या पेशींचे आकार. सगळं अर्धवट, आठवेल तसं. कधी कधी मला वाटायचं की खोली हळूहळू चालते आहे, घोडीच्या चालीनं, खाली मुंबई नाही, घाट आहे, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या उबेत कुठंतरी चाललो आहोत. तुळशीची कुंडी, फ्रिज, आबा, आय, सगळे. लॅबमध्ये दिवसा माझे डोळे चुरचुरायचे. मला त्याचं काही वाटलं नाही. झोपेची गोळीही आबा आता घ्यायला लागले. म्हणाले, "तुमी जागं असल्यावर मला काय भ्याव?"

तारखेच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला. हवा सोडली. पुन्हा बांधला, दुसऱ्या हाताला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, त्या आकड्याकडं.

"काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"झोपले ते," मी म्हटलं.

"उद्या सकाळी उपाशीपोटी आणा."

दुसऱ्या दिवशी टेबलावर घेण्याआधी आबांनी त्यांना एकच विचारलं, म्हणे. "बाय, मी झोपल्यावर तू जागी असशील न्हवं?" त्या म्हणाल्या, "ते माझंच काम आहे, बाबा." भूल चढायच्या आत आबांचे डोळे मिटले होते, असं बाईंनी मला नंतर सांगितलं.

गाठ आत गेली, जाळी बसली, टाके वाळले. पंधरवड्यानं आबा आणि आय कराडच्या एसटीत बसून गेले. आमच्या घराण्यात हे दुखणं झालेला आणि त्यातनं जगलेला पहिला माणूस म्हणजे माझे वडील.